लाल शाईतला शेरा

मी एक जुनी नोंदवही आहे. सरकारी कागदात माझं नाव 'प्रवेश-निर्गम नोंदवही', पण आमच्या लातूर भागात निजामाच्या काळातले शब्द अजून जिभेवर आहेत, म्हणून शाळेत सगळे मला दाखल-खारीज म्हणतात. पोर शाळेत आलं की माझ्यात दाखल होतं आणि दाखला घेऊन गेलं की खारीज. ऐकायला काम सोपं वाटतं, मित्रांनो. पण माझ्या पोटात जे आहे ते कुणाच्याही पोटात नसावं.

माझं गाव तेरणा नदीच्या काठी होतं. त्याचं नाव मी सांगणार नाही. पुढे येणाऱ्या माणसांची नावंही मी बदलली आहेत. उशिरा का होईना, एवढं शहाणपण मला आलं आहे.

माझी बांधणी नांदेडच्या एका म्हाताऱ्या बाइंडरनं केली. चारशे पानं, काळे कापडी पुठ्ठे, कोपऱ्यांना चामडं. खळीत त्यानं मोरचूद घातला होता, म्हणून वाळवी कधी माझ्या वाटेला गेली नाही. वाळवीपासून वाचले की आपण वाचलो, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

शाळेत मी जिलानीसाहेबांच्या हाती पडले. ते शाळेचे कारकून. अक्षर असं की दाणे मोजून घ्यावेत. त्या काळी खेड्यातल्या आईबापांना पोराची जन्मतारीख सांगता येत नसे, आणि कितीतरी शाळांत सरसकट एक जून लिहून मोकळे होत. जिलानीसाहेबांना ते खपत नसे. "पोळ्याच्या आधी का नंतर? ज्वारी खळ्यावर आली होती का?" असं विचारून विचारून ते तारखेच्या जवळ जात. येणारा घामाघूम होई. माझे सगळे रकाने ते भरत, अगदी शेवटचा शेऱ्याचासुद्धा. "लिहिलं न्हाई ते गेलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

मग त्र्याण्णव साली गणपती बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी धरणी हलली. दगडमातीची घरं माणसांवर बसली. शाळाही बसली. आपल्या घरातल्या दोघांना दफन करून जिलानीसाहेब तिसऱ्या दिवशी पावसात शाळेच्या ढिगाऱ्यावर आले आणि हातांनी माती उकरून त्यांनी मला बाहेर काढलं. पत्र्याच्या शेडमध्ये वाचलेली पोरं बसवली आणि माझ्यातलं एकेक नाव पुकारलं. त्रेचाळीस नावांना ओ आली नाही. त्या प्रत्येक नावावर त्यांनी लाल शाईची रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं, 'भूकंपात मृत.' हे काम पुरं व्हायला तीन दिवस लागले, कारण मधेच त्यांचा हात थांबायचा.

त्यानंतर माझे मानाचे दिवस आले. घरं गेली, रेशनकार्डं गेली, कोण कुणाचा मुलगा हे सांगणारा कागद गावात माझ्याशिवाय उरला नव्हता. लोक रांग लावून उतारे न्यायचे. नव्या वस्तीत शाळा उभी राहिली तेव्हा मला हार घातला, पेढा दाखवला. मी फुगले. जिलानीसाहेबांचं वाक्य तर आता गावची म्हणच झाली. खोटं कशाला बोलू, या मानानंच आमचा घात केला.

भूकंपानंतर पाच वर्षांनी, जूनमध्ये, चतुराबाई एका मुलीला घेऊन आल्या. चतुराबाई आणि त्यांचे मालक रामकिशन यांची चार एकर शेती होती. पोटी मूल नव्हतं.

"नाव शिल्पा. बापाचं रामकिशन, आईचं चतुराबाई. असंच लिवा, भाऊ," त्या म्हणाल्या. साहेबांनी तसंच लिहिलं. मग त्यांनी मुलीला बाहेर हापशावर पाणी प्यायला पाठवलं आणि टेबलाशी वाकल्या.

"ही माझ्या सिंधुची हाय. माझी धाकटी बहीण. ती आन तिचा मालक भूकंपात गेले. पोर चवदा महिन्याची व्हती. तिला ठावं न्हाई. नव्या वस्तीत ज्येला ठावं हाय त्येनं तोंडाला कुलूप घातलंय. शाळेत कुणी बोलून जाईल, ह्येच्यासाठी तुमाला सांगायलेय. तिला कळू देऊ नका."

"हाव बाई, फिकर करू नका," जिलानीसाहेब म्हणाले. "ही माझ्याकडं अमानत हाय."

चतुराबाई निश्चिंत मनानं गेल्या. साहेबांच्या मनात मात्र घोर लागला. आपण उद्या नसलो तर? पुढच्या मास्तरला कसं कळायचं? त्यांनी लाल शाईचं पेन उघडलं आणि माझ्या शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'मुलगी मावशीजवळ. सख्खे आई-वडील भूकंपात मृत. मुलीस सांगू नये.'

भल्या माणसाच्या हातून झालेली ही चूक आहे, मित्रांनो. जे लिहिलं नाही ते गेलं, हे ढिगाऱ्यावर त्यांना पक्कं पटलं होतं. पण काही गोष्टी लिहिल्या की जातात, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मीही शाई निमूट पिऊन घेतली.

जिलानीसाहेब नोकरीत होते तोवर कपाटाची किल्ली त्यांच्या आतल्या खिशात असे. ते निवृत्त झाले आणि वीरभद्र नावाचा नवा कारकून आला. पोरगा मनानं चांगला, पण कामाला चालढकल करणारा. किल्ली कपाटालाच लटकू लागली. तोवर लातुरात क्लासचं पीक जोमात आलं होतं. डॉक्टर-इंजिनियर करणाऱ्या पाट्या गल्लोगल्ली लागल्या, आणि दहावीची पोरं हेरायला क्लासवाल्यांची माणसं खेडोपाडी फिरू लागली. तसा एक जण आमच्याकडेही आला. त्यानं भिंतीवर लावायला कॅलेंडर दिलं आणि दहावीच्या पोरांची नावं-पत्ते मागितले.

साठ नावं उतरवत कोण बसणार? वीरभद्र म्हणाला, "पोरांचं भलंच हाय की त्यात. घेऊन जा, झेरॉक्स काढून सांजच्याला आणून द्या."

मी पिशवीतून तालुक्याला गेले. दुकानदारानं मला काचेवर पालथं दाबलं, उजेड फिरला, आणि क्लासवाल्यानं जे मागितलं नव्हतं तेही सगळं कागदावर उतरलं. संध्याकाळी मी कपाटात परत आले. माझं एक पानसुद्धा फाटलं नव्हतं. वीरभद्रनं तेवढंच पाहिलं.

पंधरा दिवसांनी चतुराबाईंच्या घरी छापील पाकीट आलं. हे मला पुढे त्यांच्याच तोंडून कळलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी कौतुकानं पाकीट पोरीच्या हातात दिलं. "वाच की मोठ्यानं. तुझ्या नावानं आलंय म्हणं."

शिल्पा मोठ्यानं वाचू लागली. 'भूकंपात आई-वडील गमावलेल्या आपल्यासारख्या अनाथ विद्यार्थिनींसाठी आमच्या क्लासमध्ये विशेष सवलत.' पुढे तिला वाचवेना.

दुसऱ्या दिवशी ती पाकीट घेऊन शाळेत आली. वीरभद्रनं मला उघडलं, तिच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि शेऱ्यापाशी येऊन त्याचा चेहरा उतरला. तोवर तिनं वाचून टाकलं होतं. शेवटचे तीन शब्द तिनं पुन्हा वाचले, मुलीस सांगू नये. मागोमाग चतुराबाई आल्या. कुणीतरी जिलानीसाहेबांना बोलावून आणलं.

"समद्या गावाला ठावं," शिल्पा म्हणाली. "वहीला ठावं. क्लासवाल्याला ठावं. मलाच तेवढं न्हाई."

"मी तुला जन्म न्हाई दिला, पर..." चतुराबाई म्हणू लागल्या.

जिलानीसाहेब हात जोडून उभे होते. "बाई, माझी चूक झाली. मी पोरीच्या भल्यासाठी..."

"भितीला कान असत्यात म्हणत्यात, भाऊ," चतुराबाई म्हणाल्या. "पर भितीला तोंड नसतंय. तुमच्यापरीस भितीला सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

साहेबांनी वीरभद्रकडे पेन मागितलं, तो शेरा खोडायला. वीरभद्रनं नकाराची मान हलवली. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, हा नियम साहेबांनीच त्याला शिकवला होता. मोरचुदानं वाळवीपासून वाचवलेल्या कागदावर ती लाल शाई आजही तशीच ताजी आहे.

दहावी झाल्यावर शिल्पा दाखला न्यायला एकटी आली. उमरीला तिच्या सख्ख्या आत्या राहत होत्या. चौदा महिन्यांची असताना त्यांनी तिला ठेवून घेतलं नव्हतं, तरी ती तिकडं निघाली. "आईचं नाव बदलायला काय लागतंय?" तिनं विचारलं. "कोर्टाचा कागद," वीरभद्र खाली बघत म्हणाला. तिनं दाखला घडी घालून ठेवला. फाटकाशी चतुराबाई दशम्यांचं गाठोडं घेऊन उभ्या होत्या. शिल्पा त्यांच्या बाजूनं निघून गेली. त्या गाठोडं तसंच धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. माझी खिडकी त्या बाजूला आहे, म्हणून मला बघावं लागलं.

त्याच पावसाळ्यात जिलानीसाहेब वारले. शेवटपर्यंत ते शाळेच्या रस्त्यानं फिरकले नाहीत.

मित्रांनो, मला हार घालू नका. मला ऊन-पावसापासून जपता, ते मला आवडतं, पण तेवढं पुरत नाही. कुणी विश्वासानं सांगितलेलं माझ्यात लिहिण्याआधी हात थांबवा. मला दुसऱ्याच्या हाती देताना विचारा, त्याला यातलं काय हवं आहे, आणि तेवढंच द्या. मी नुसता कागद नाही. माझ्या एकेका ओळीत कुणाचं तरी घर आहे, आणि एक घर मी माझ्या डोळ्यांसमोर पडलेलं पाहिलं.

वीरभद्र आता बदलला आहे. कपाटाला कुलूप असतं. दर जूनमध्ये चतुराबाई दारात येतात. शिल्पा उमरीहूनही पुढं शिकायला गेली आणि आत्यांना तिचा ठावठिकाणा सांगता येत नाही. चतुराबाई विचारतात, "पोरीनं शाळेत काही कळीवलंय का?"

वीरभद्र म्हणतो, "मावशी, विद्यार्थ्याची माहिती देता येत न्हाई."

तो बरोबर करतो. दोन वर्षांपूर्वी एक पोस्टकार्ड आलं, ते माझ्याच पानांत ठेवलं आहे. 'दाखल्याची दुसरी प्रत वरील पत्त्यावर पाठवावी. माझा पत्ता कुणालाही देऊ नये. आईलाही नाही.' तिनं आई लिहिलं आहे, मित्रांनो. मावशी नाही. चतुराबाईंना तेवढा एक शब्द तरी सांगावा म्हणून माझा जीव तुटतो. पण ते सांगायची परवानगी मला नाही, आणि त्या वळून फाटकाकडे चालू लागतात.