संकल्पचं पुरळ

“सदरा वर कर रे, पाहू दे मले,” उत्तमराव म्हणाले.

संकल्पने पोट उघडं केलं. पोटावर, पाठीवर, दंडांवर गुलाबी ठिपके कालच्यासारखेच होते. उत्तमरावांना मनातून बरं वाटलं. चेहरा मात्र गंभीर ठेवून ते सुनेला म्हणाले, “गौतमी, मले तं आज जास्तच वाटून राहिलं हे. राहू दे घरी अजून दोन दिवस.”

गौतमी डबा भरत होती. “बाबा, डॉक्टरांनी सांगितलं ना, ताप गेल्यावर असं पुरळ उठतं आणि आपोआप जातं. कोणाला लागत नाही. पाठवा म्हणाल्या शाळेत. मला आज दुकानात सुट्टी नाही, तुम्हीच सोडा त्याला.”

“मॅम के पास जाना है!” संकल्प लगेच चप्पल शोधायला धावला.

उत्तमरावांचं तोंड उतरलं. त्यांचा जन्म मूर्तिजापूरकडे रेल्वेच्या रुळांवर राबण्यात गेला होता. मुलगा स्वप्नील कधी रांगला, कधी बोलला, ते त्यांनी बायकोच्या तोंडून ऐकलं होतं. बायको गेली, स्वप्नीलची बदली जयपूरला झाली आणि ते मुलामागे तिथल्या झोटवाडा भागात आले. इथं त्यांच्या ओळखीचा एकच माणूस होता, तो म्हणजे संकल्प. भाकरी कुस्करून भरवायची, आगगाड्या दाखवायच्या, मांडीवर झोपवायचं. म्हाताऱ्याला उशिरा का होईना, लेकरू मिळालं होतं.

मग नर्सरी सुरू झाली आणि पोराच्या बोलण्यातून घरात तिथली कंवर मॅम शिरली. कंवर मॅम अशी बोलते, कंवर मॅम तशी हसते. घरी भेंडी पाहून तोंड फिरवणारं पोर तिच्या हातून भेंडी खातं, हे कळलं त्या दिवशी उत्तमरावांनी स्वतःच भेंडीला हात लावला नाही. एकदा तर ते फाटकाच्या फटीतून तिला पाहून आले. ओढणी कमरेला खोचलेली, स्थूल, थकलेली बाई होती. घोगऱ्या आवाजाची. ‘यात पाहण्यासारखं हाय तरी काय?’ असं मनाशी म्हणत ते परतले, पण जळणं काही थांबलं नाही.

म्हणून तापाचे दिवस त्यांचे सुखाचे गेले. असा विचार करणंही वाईट, पण खरं होतं. पोर दिवसभर त्यांच्या कुशीत होतं. फक्त एकदा ग्लानीत ते “मॅम” म्हणालं, तेव्हा त्यांनी कपाळावरची पट्टी बदलत म्हटलं होतं, “मी हावो नं, बाप्पा.”

नर्सरीच्या फाटकाशी पोरांना सोडायला आलेल्या बायांची गर्दी होती. संकल्पच्या दंडाकडे एकीचं लक्ष गेलं. “अरे, इसको तो दाने निकले हैं! माता है क्या?” कांजिण्यांच्या भीतीने तिने आपल्या मुलीला झटकन ओढलं. दुसरी मागे सरली. बघता बघता आजोबा-नातवाभोवती रिकामी जागा झाली.

नर्सरीच्या मालकीणबाई बाहेर आल्या. “अंकलजी, आठ दिन घर पे ही रखिए. बाकी बच्चों का भी सोचना पड़ता है.”

उत्तमरावांना हवं होतं तेच झालं होतं. पोराचं बोट धरून फक्त मागे वळायचं होतं. त्यांनी खाली पाहिलं. संकल्प अर्ध्या बाहीचा सदरा ओढून ओढून ठिपक्यांवर आणत होता.

उत्तमरावांचे पाय तिथंच खिळले. त्यांच्या लहानपणी, गावच्या शाळेत ते पाण्याच्या माठाकडे निघाले की पोरं अशीच बाजूला व्हायची. तेव्हा त्यांच्या अंगावर पुरळ नव्हतं.

“नाही,” ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच मोठा वाटला. “ले के नहीं जाऊंगा. डॉक्टर बोली, किसी को नहीं लगता. फोन करो उनको, अभी. मेरे बाजू में सोता है ये रोज. देखो मुझे. कुछ है?” त्यांनी वाकून पोराच्या दंडावर गाल टेकवला आणि तसेच राहिले.

मालकीणबाईंनी गौतमीला दुकानात फोन करून डॉक्टरांचा नंबर घेतला आणि खरंच तिकडे फोन लावला. दोन-तीनदा “जी” म्हणून त्या फाटकातून बाजूला झाल्या. तेवढ्यात आतून कंवर मॅम आली. “कितने दिन लगा दिए रे तूने!” म्हणत तिने संकल्पला उचललं. त्याने दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकले आणि तोंड तिच्या खांद्यात खुपसलं.

उत्तमरावांनी डबा पुढे केला. ते म्हणाले, “मॅडमजी, खाज आती है इसको. नाखून मत लगाने देना. और… भेंडी दी है डब्बे में. आपके हाथ से खाता है.”

“आप जाइए, अंकलजी. खड़े रहेंगे तो रोएगा.”

ते गेले नाहीत. भिंतीच्या कडेला, आतून दिसणार नाही असे उभे राहिले आणि रडण्याची वाट पाहू लागले. कोणी रडलं नाही. थोड्या वेळाने आत गाणं सुरू झालं. उत्तमरावांनी डोळे मिटून त्यात नातवाचा आवाज शोधला. तो काही वेगळा निघेना. सगळ्या पोरांच्या आवाजात तो पार मिसळून गेला होता.