दादाचं हसू

आवाज ऐकू आला की माणसाचं बोट वर येतं; पण त्याच्या थोडं आधी, साधारण पाव सेकंद, त्याची पापणी हलते. बोटाने खोटं बोलता येतं, पापणीने सहसा येत नाही. बहिरेपणाचं सोंग घेणारे आणि ऐकू येत असल्याचं सोंग घेणारे, दोघेही मी यावरून ओळखते. एकवीस वर्षं मी लोकांचे कान तपासते आहे. काचेच्या अलीकडे माझं टेबल आणि यंत्र, पलीकडे बाहेरचा आवाज न शिरणारी छोटी खोली, तिच्यात एक खुर्ची, आणि खुर्चीत हेडफोन लावलेला पेशंट.

त्या शुक्रवारी साडेतीन वाजता त्या खुर्चीत माझा मोठा भाऊ बसला होता.

आणि त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत मला एका पत्राला उत्तर द्यायचं होतं. चार तासांच्या अंतरावरच्या एका लहान गावातल्या रुग्णालयाने मला नोकरी देऊ केली होती. राहायला तीन खोल्या, पुढे थोडी मोकळी जागा. मी दोनदा मुदत वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा त्यांनी शेवटची तारीख ठळक अक्षरांत छापून पाठवली. ते पत्र सात महिने आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होतं. माझा नवरा फ्रिज दुरुस्त करतो. "फ्रिज सगळीकडे बिघडतात, माझी काळजी करू नकोस," एवढंच तो एकदा म्हणाला होता. त्यानंतर दूध काढताना कोपर लागून पत्र तिरकं झालं की तो ते सरळ करायचा. त्याहून जास्त आग्रह त्याने कधी केला नाही.

जायला कारणं भरपूर होती. आमच्या लहानपणी, शहरात परवडत नाही म्हणून लोक या उपनगरात राहायला यायचे. आता इथलीच माणसं परवडत नाही म्हणून जातात. खिळे आणि स्क्रू सुटे मिळायचे त्या दुकानात आता कॉफी मिळते, तीही उभ्याने प्यायची. माझ्या जुन्या पेशंटांचे फॉर्म मी जपून ठेवते. नावं तीच आहेत, पत्ते मात्र दर दोन-तीन वर्षांनी आणखी एका वस्तीपलीकडे सरकलेले. आम्ही लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्यांत भाड्याने राहतो. खालच्या इस्त्रीच्या वाफेने आमची फरशी बारा महिने कोमट असते. घरमालक दरवर्षी नवा करार घेऊन येतो आणि सही होईपर्यंत आमच्याच खुर्चीत बसून आमच्याच सामानाकडे कीव आल्यासारखा बघत राहतो.

राहायला कारण एकच होतं, दादा.

बाबा गेले त्या वर्षी दादा कागद घेऊन आला. घराचं छप्पर गळतंय, दुरुस्तीला कर्ज काढायचंय, बँकेला तुझी सही लागते, म्हणाला. पेनाचं टोपण काढून पेन त्यानेच हातात दिलं. मी बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय थेंबसुद्धा ओतत नाही. तो कागद मात्र एकदाही वाचला नाही. भाऊ होता ना. तो हक्कसोडपत्राचा कागद होता. घरातला माझा अर्धा वाटा मी स्वखुशीने सोडते, असं त्यात लिहिलेलं होतं. पुढे मी वकिलाकडे गेले, तेव्हा त्याने 'स्वखुशीने' या शब्दाखाली नखाने रेघ ओढली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

कोर्टात काही होणार नव्हतं. मग मी ठरवलं की हलायचं नाही. रोज सकाळी आठ-दहाला दादाच्या फाटकावरून जायचं आणि तिथे चाल हळू करायची. दुसऱ्या रस्त्याने दवाखाना जवळ पडतो. नऊ वर्षांत मी त्या रस्त्याने एकदाही गेले नाही. गावाला दिसू दे, एवढ्या मोठ्या घराची मुलगी लॉन्ड्रीवर भाड्याने राहते. लोक दादाला विचारायचे, बहीण कुठे असते हल्ली? त्याला उत्तर द्यावं लागायचं. एकदा केस कापून घेताना तो म्हणाला, "जाईल ती आपणहून, परवडायचं नाही तिला." केस कापणाऱ्याने ते माझ्या नवऱ्याला सांगितलं. त्या आठवड्यात मी घरमालकाचा नवा करार वाचून, पानापानावर सही करून दिला.

शिवाय टोमणे होते. माझा आवाज पहिल्यापासून हळू. दादा मला लहानपणापासून 'मुंगी' म्हणतो. चारचौघांत तमाशा करणं मला जमत नाही. पण वर्षातून तीन-चारदा त्यांच्याकडे जाणं व्हायचं, भाचीचा वाढदिवस, कुणी नातेवाईक आलेले. तेव्हा ताटावर मान खाली घालून मी एकेक वाक्य बोलायचे. मी ती घरून तयार करून न्यायचे. घराला रंग दिला तेव्हा म्हणाले, "दुसऱ्याच्या भिंतीवर रंग छान चढतो, दादा." बाबांची खोली त्याने भाड्याने दिली तेव्हा म्हणाले, "खोलीबरोबर त्यांचा खोकलाही दिलास की तो वेगळा?" आणि एक वाक्य मी तीन आठवडे घासूनपुसून ठेवलं होतं. "सही करताना तुझं पेन माझ्याकडेच राहिलं, दादा. घर ठेव, पेन परत घेऊन जा."

प्रत्येक वेळी दादा माझ्याकडे बघून हसायचा. साधं, प्रसन्न हसू. पेनाच्या वेळी तर "हो हो, नक्की" असं म्हणून त्याने मला आणखी भात वाढला होता. त्या रात्री नवऱ्याला म्हणाले, त्याला काही वाटतच नाही रे, निर्लज्जासारखा हसतो. तो म्हणाला, मग सोड ना. मी म्हणाले, हसणं बंद होईपर्यंत नाही.

माझी नऊ वर्षं त्या हसण्याच्या जोरावर गेली होती.

शुक्रवारी त्याला वहिनी घेऊन आली. दादाला यायचं नव्हतं, पण आदल्या आठवड्यात मागून हॉर्न वाजवणारी गाडी त्याला ऐकू आली नाही आणि थोडक्यात वाचला, म्हणून ती हट्टाला पेटली होती. गावात कान तपासणारी मी एकटीच. तो खोलीत जाऊन बसला, दार लोटलं, वहिनी माझ्या शेजारच्या स्टुलावर मांडीवर पर्स ठेवून बसली. मी तपासणी सुरू केली, इतर कुणाची करते तशीच.

आधी जाड आवाज. ते त्याला बऱ्यापैकी ऐकू आले. मग बारीक आवाज. चार्टवरची रेघ उतारावरून घरंगळावं तशी खाली गेली. लाकूड कापायच्या यंत्रांशेजारी तीस वर्षं काढली की असंच होतं. यात माणसाला बोलल्याचं कळतं, काय बोलले ते कळत नाही. आवाज येतो, शब्द येत नाही. मोठ्याने बोलणारी माणसं त्यातल्या त्यात समजतात, हळू बोलणारी हरवतात. कान एका दिवसात असे होत नाहीत. रेघेचा आकार बघून मी अंदाज केला, किमान आठ वर्षं, कदाचित दहा.

पुढची तपासणी शब्दांची. मी तोंडासमोर कागद धरून माईकमध्ये एकेक शब्द म्हणायचा आणि पेशंटने तो परत म्हणायचा. मी आवाजाचा आकडा पंचेचाळीसवर ठेवला. यंत्राच्या मोजमापात मी साधारण तेवढ्याच आवाजात बोलते. म्हणाले, "खिडकी."

दादा हसला.

"चादर."

दादा मान हलवून हसला.

मी कागद खाली केला. साधं, प्रसन्न, मान किंचित डावीकडे कललेलं तेच हसू. ऐकू न आलेला माणूस समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हसतो तसं. माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा म्हातारा असाच हसतो, मी एकवीस वर्षं ते बघते आहे आणि माझ्या भावाच्या तोंडावर ते मला ओळखता आलं नव्हतं.

एका निरीक्षणावर मी विश्वास ठेवत नाही. आकडा तोच ठेवला आणि तोंडासमोर कागद धरून माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "घर ठेव, दादा. पेन परत घेऊन जा."

तो हसला आणि म्हणाला, "हो हो."

हेडफोन लावल्यामुळे तो मोठ्याने बोलला. शेजारी वहिनीने पर्सचं बक्कल उघडलं आणि बंद केलं.

"यांना नाही ऐकू आलं ते," ती म्हणाली. "तेव्हाही नव्हतं आलं."

मी माईकचं बटण बंद केलं.

"तुम्ही गेलात की विचारायचे, काय म्हणाली गं मुंगी? मी सांगायचे, घर छान दिसतंय म्हणाली."

"सगळ्या वेळी?"

"सगळ्या वेळी. खोकल्याचंही. मला नीट ऐकू येतं, ताई."

मी विचारलं, तो कागद कसला होता ते तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं का. वहिनी काचेतून दादाकडे बघत होती. "चहा मीच आणून ठेवला होता ना टेबलावर," ती म्हणाली. "कागदावर सांडू नये म्हणून लांब ठेवला." मग म्हणाली, पेनाचं ऐकल्यापासून तिला कितीतरी दिवस झोप नव्हती. तिने माफी मागितली नाही, आणि मलाही ती नको होती. मला बरं वाटलं. लिहायला संकोच वाटतो, पण वाटलं. नऊ वर्षांत कुठेतरी काहीतरी लागलं होतं.

पण नेम ज्याच्यावर धरला, त्याला एक ओरखडासुद्धा नव्हता. मी फाटकापाशी चाल हळू करत होते, दरवर्षी करारावर सह्या करत होते, फ्रिजवरचं पत्र नवऱ्याकडून सरळ होताना बघत होते. आणि आत दादाचा समज होता की बहीण येते, घराचं कौतुक करते, जाते.

काचेपलीकडून दादाने हातानेच विचारलं, झालं का?

मी आकडा ऐंशीवर नेला. त्या कानांना त्या आवाजात एकेक अक्षर सुटं ऐकू येतं. बटण दाबून म्हणाले, "दादा, आता जे ऐकशील ते जसंच्या तसं परत म्हणायचं. तपासणीचा नियम आहे."

"बरं," तो ओरडला. आकडा वर नेण्याआधीच उठून त्याच्या खोलीचं दार मी किलकिलं केलं होतं आणि माझ्या खोलीचं बाहेरच्या बाकांकडे उघडं होतं. नियमात हे बसत नाही. बाकांवर तीन जण होते, त्यातले दोघे आमच्याच गल्लीतले, आणि दोघांचे कान मी गेल्याच महिन्यात साफ करून दिले होते.

"घर," मी म्हणाले.

"घर," तो म्हणाला, शाळेत पाढे म्हणावेत तसा खणखणीत.

"बहीण."

"बहीण."

"कागद."

"कागद."

"कर्ज." त्याने म्हटलं. "छप्पर." त्याने म्हटलं, पण जरा हळू. वहिनी उठून दार लावायला निघाली आणि अर्ध्यात थांबली. बाहेरचे तिच्याकडेच बघत होते.

"खोटं," मी म्हणाले.

तो शब्द परत म्हणायच्या ऐवजी दादाने काचेतून वहिनीकडे बघितलं. मी पुढचं पूर्ण वाक्य म्हणाले, आवाज न वाढवता, कारण वाढवायचं काम यंत्र करत होतं. "छप्पर दुरुस्तीचं कर्ज आहे असं खोटं सांगून तू माझी सही घेतलीस, आणि बाबांचं अर्धं घर माझ्याकडून काढून घेतलंस. परत म्हण, दादा."

तो हसला नाही. नऊ वर्षांनी पहिल्यांदा मी बोलले आणि दादा हसला नाही. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पिवळट. मी बघत राहिले. काही सेकंद मी नुसती बघत राहिले, आणि ते सेकंद मला अजून कमी वाटतात.

मग त्याने हेडफोनला हात लावला, पण काढला नाही. बहुधा इतक्या वर्षांनी नीट ऐकू येण्याची गोडी सोडवेना. म्हणाला, "मुंगे, जुनं उकरून काय करायचं? मी काय परका आहे? मागच्या दोन खोल्या रिकाम्या होतायत. तुम्ही दोघं या तिथे. बाहेरच्यापेक्षा कमी भाडं घेईन. नाहीतरी आता कानाला मशीन लावायचं म्हणजे तू हाताशी हवीस. दर महिन्याला कुठे जाऊ मी?"

वहिनीने डोळे मिटले.

त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळत होतं. बाबांच्या घरात भाड्याने ठेवणं हा त्याच्या दृष्टीने उपकारच होता. इतकी वर्षं मी इथे राहिले ते त्याला खुपावं म्हणून, आणि माझं राहणं आता त्याच्या सोयीचं झालं होतं. मशीनची मापं घ्यायला मी. महिन्याला ते जुळवून द्यायला मी. बॅटरी संपली म्हणून मागच्या खोलीकडे हाक मारली की हजर, तीही मी.

मी चार्ट छापून काढला. सगळे आकडे खरे होते, एकही इकडचा तिकडे केला नव्हता. त्याखाली शहरातल्या कान तपासणाऱ्या एका दवाखान्याचा पत्ता लिहिला. तिथे जायला दोनदा बस बदलावी लागते. कागद वहिनीच्या हातात दिला. तिने पत्ता वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि मी काय बोलणार ते तिला आधी कळलं.

आकडा ऐंशीवरच होता. मी बटण दाबलं.

"दादा, मी हे गाव सोडून चालले आहे."