गोगलगायींसाठी परवानगी

नशवाचं नाव निवडीत पहिलं आलं, आणि त्याच दिवसापासून तिची झोप उडाली.

विद्यापीठ दरवर्षी दोघा विद्यार्थ्यांना परदेशात संशोधनासाठी अनुदान देत असे. अर्ज करणाऱ्यांत बहुतेक डॉक्टरांची आणि वकिलांची मुलं. नशवाचे वडील अब्द अल-राझिक नाईलकाठच्या खेड्यातल्या शाळेत भूगोल शिकवायचे. तिचा विषयही काही दिमाखदार नव्हता. कालव्यातल्या गोगलगायी. या गोगलगायींमधून एक बारीक किडा पाण्यात उतरतो, पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो आणि वर्षानुवर्षं त्याचं यकृत नासवत राहतो. नशवाचा धाकटा मामा फव्वाझ असाच पोट फुगून गेला होता. युगांडात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, त्याच जातीच्या गोगलगायींवर एक प्रयोगशाळा काम करत होती. तिथे जाऊन शिकायचं, आणि आपल्याकडच्या गोगलगायींशी ताडून पाहायचं, एवढंच तिनं अर्जात लिहिलं होतं. मुलाखतीत निवड समितीतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांना मामाची हकिगत ऐकून चष्मा पुसावा लागला होता.

"आता फक्त सुरक्षा कार्यालयाची ना-हरकत," कचेरीतला कारकून म्हणाला. "नुसता उपचार असतो तो."

उपचार लांबत गेला. मग एका दुपारी नंबर न दिसणारा फोन आला. आवाज मऊ होता, विद्यार्थिनीलाही आदरानं डॉक्टर म्हणणारा.

"डॉक्टर नशवा? उद्या सकाळी जरा येऊन जा. चहा घेऊ."

वसतिगृहात तिच्या खोलीत राहणारी, तिच्याच प्रयोगशाळेतली इनास केस विंचरत होती. तिचा कंगवा केसांतच थांबला.

"चहा म्हणाले?"

"हो."

"मग घाबर बाई. ओरडले असते तर बरं होतं."

कार्यालय मुख्य इमारतीच्या मागच्या अंगाला होतं. फरशी नुकतीच पुसलेली, फिनेलचा वास. तिला बसायला दिलेली खुर्ची इतकी बुटकी होती की टेबलापलीकडच्या माणसाकडे मान वर करून पाहावं लागे. माणूस तरुण होता, शर्टाला कडक इस्त्री. सगळे त्याला अदबीनं शेरीफ बे म्हणत.

"साखर किती?"

"नको... म्हणजे, दोन चमचे."

"नको, की दोन?"

"दोन, बाशा." असल्या साहेबांना बाशाच म्हणायचं, एवढं तिला ठाऊक होतं.

चहाचा पेला समोर आला, पण तिनं हात मांडीवरच ठेवले. उचलला असता तर सांडला असता.

"मला सांगा, डॉक्टर, आपली नाईल कुठून येते?"

भूगोलाच्या मास्तरांच्या मुलीला हा प्रश्न! तरी ती अडखळत म्हणाली, "व्हिक्टोरिया सरोवरातून. म्हणजे, मुख्य पाणी इथियोपियाचं, पण..."

"आणि तुम्हाला कुठे जायचंय?"

"व्हिक्टोरिया सरोवर."

"म्हणजे जिथून आपलं पाणी येतं, तिथे जाऊन तुम्ही परक्यांसोबत बाटल्या भरणार."

"पाणी नाही, बाशा. गोगलगायी. पाणी थोडंसंच, त्या जगाव्यात म्हणून."

"आपल्याकडच्या गोगलगायी संपल्या का?"

विनोद असेल म्हणून ती हसली. तो हसला नाही. तिचं हसू ओठांवर तसंच लोंबकळत राहिलं, आणि आता ते काढून कुठे ठेवावं हे तिला कळेना.

त्यानं खुर्ची मागे रेलली. "हिशाम कसा आहे? कुवेतचा उन्हाळा फार वाईट. राहण्याचा परवाना संपत आला असेल ना त्याचा?"

अर्जात तिनं भावाचा उल्लेखही केला नव्हता.

"बरा आहे," ती म्हणाली.

"घाबरू नकोस गं." आता तो एकेरीवर आला होता, आणि मायेनं बोलत होता, हेच जास्त भयंकर होतं. "तू जा. शीक. नाव काढ. तुझ्या त्या डॉक्टर इग्लाल, त्यांच्याकडे बाहेरचे पाहुणे फार येतात. चांगल्या बाई आहेत, पण भोळ्या. कोण येतं, काय बोलतं, यावर कुणीतरी आपलं माणूस लक्ष ठेवलेलं बरं. तू महिन्यातून एकदा यायचं, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या. बस्स. आणि हे आपल्या दोघांतच."

डॉक्टर इग्लाल तिच्या मार्गदर्शक. याच बाईंनी नशवाचा अर्ज चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहून घेतला होता. पहिल्या थंडीत तिच्या अंगावर स्वतःची शाल टाकली होती आणि नंतर ती परत घ्यायला साफ विसरल्या होत्या.

"बरं," नशवा म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि कानावर पडला, तेव्हा तिला समजलं की आपण बोललो.

शुक्रवारी ती गावी गेली. आईनं उन्हात फुगवलेली शम्सी भाकर भाजली होती, मुलुखियाची पातळ पालेभाजी केली होती. नशवा भाकर नुसती मोडत बसली. शेवटी तिनं सगळं सांगून टाकलं. वडिलांनी उठून आधी खिडकी लावली.

"हो म्हणालीस?"

"म्हणाले."

"बरं केलंस." मग ते येरझारा घालू लागले. "नाही, वाईट केलंस. पण नाही म्हणाली असतीस तर... अर्ज मागे घे. सांग, आई आजारी आहे."

"मला कशाला आजारी पाडता?" आई म्हणाली. "तुम्ही पडा की."

"थट्टेची वेळ आहे का ही? आमच्या शाळेतला मुनीर असाच एकदा चहाला गेला होता. परत आला, धडधाकट आला. पण त्यानंतर वर्गात त्याचा आवाजच फुटायचा नाही. पोरं म्हणायची, सर, मोठ्यानं बोला."

मग आई हळूच म्हणाली, "हिशामचं काही करणार नाहीत ना ते?"

अर्ज मागे घ्यायचा तरी कसा? मागे घेतला तर तो विचारणार, का? नाही घेतला तर महिना संपल्यावर चहा. नशवा प्रयोगशाळेत जाई, गोगलगायींच्या टाक्यांतलं पाणी बदले, त्यांना वाळलेल्या कोथिंबिरीची पानं टाके, आणि डॉक्टर इग्लाल आत आल्या की पाठ फिरवून उभी राही. त्यांचं बोलणं कानावर पडू नये म्हणून ती मुद्दाम नळ सोडून ठेवायची. फोन वाजला की ती आधी नंबर दिसतो का ते पाहायची. मागून पावलं वाजली की चालणं आपोआप जलद व्हायचं, आणि मागे निघायची झाडूवाली.

एका सकाळी प्रयोगशाळेत सगळे जमले असताना डॉक्टर इग्लाल आत आल्या. "ऐका रे. रविवारी इटलीचे दोघे पाहुणे येतायत. नशवा, तू दिवसभर त्यांच्यासोबत राहा. त्यांनी पाण्याच्या योजनेबद्दल मला जे पत्र लिहिलंय ना, त्यात..."

"माझ्यासमोर नका बोलू!"

नशवाच ओरडली होती. हातातली काचेची बशी खाली पडून फुटली होती.

"माझ्यासमोर काही म्हणजे काही बोलू नका, डॉक्टर! त्यांनी मला बोलावलं होतं. तुमच्याकडे कोण येतं ते सांग म्हणाले. मी हो म्हणाले. हिशामचं नाव घेतलं त्यांनी. मी हो म्हणाले!"

टाकीत हवा सोडणारा पंप तेवढा बुडबुडत होता. एक मुलगा काचा गोळा करायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. इनासनं डोळे मिटून घेतले.

डॉक्टर इग्लाल स्टुलावर बसल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. नशवाला वाटलं, आता या मला हाकलून देणार.

"पाणी द्या तिला," त्या म्हणाल्या. आणि मग, "तू पहिली नाहीस, पोरी. तुझ्याआधीही दोघांनी मला येऊन सांगितलंय. दार लावून, कुजबुजत. तू तेवढी गावभर दवंडी पिटलीस." त्यांनी खोलीतल्या एकेका तोंडाकडे पाहिलं. "सांगून गेलेल्यांची मला भीती वाटत नाही."

प्रत्येकजण खाली पाहू लागला. बाईंनी दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल घातले.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला चहाचं नाव नव्हतं. इनासनं तिच्या हातात खजुराची पुडी कोंबली. "उशीर झाला तर खा," ती म्हणाली. किती उशीर, हे दोघींनीही बोलून दाखवलं नाही.

शेरीफ बे उभाच होता. नशवाला त्यानं बसायला सांगितलं नाही.

"आपल्या दोघांतली गोष्ट, असं मी म्हणालो होतो."

"हो, बाशा."

"आणि तू अख्ख्या विभागात सांगितलीस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही?"

"नाही, बाशा," ती खरं तेच बोलली. तिनं टेबलाची कड धरली. "मला भीती वाटली की मी बोलते. लहानपणी बाबा घरी नसले की चोर येतील म्हणून मी आधीच ओरडायचे. शेजारी वैतागायचे. आताही मी मुद्दाम नाही केलं. तुम्ही परत सांगितलंत तर पुन्हा तसंच होईल, बाशा. मला थांबवता येत नाही."

शरण आलेलं माणूस असं बोलतं की चतुर माणूस, हे तो जोखत असावा. तिलाही ते ठाऊक नव्हतं. मग तो एकदम हसला, खेकसल्यासारखा.

"तुझ्याकडून हेरगिरी करवून घेणाराच आधी तुरुंगात जाईल. चल, नीघ. आणि भावाला म्हणावं, परवान्याचे कागद नीट ठेव."

ती निघाली. हे शेवटचं वाक्य धमकी होती की सल्ला, ते तिला कळलं नाही. त्या रात्री हिशामला फोन करून तिनं चारदा विचारलं, कागद नीट आहेत ना? "वेड लागलंय का तुला?" हिशाम म्हणाला. तिनं खरं कारण सांगितलं नाही. तिच्या आयुष्यात पोटात ठेवलेली ती पहिली गोष्ट.

इटलीचे पाहुणे आले नाहीत. त्यांना व्हिसाच मिळाला नाही.

उन्हाळा गेला. अनुदानाची मुदत संपायला आली आणि नशवानं आशा सोडली. मनातल्या मनात तिला सुटल्यासारखंही वाटत होतं. आणि मग कारकुनानं बोलावून ना-हरकतीचा कागद तिच्या पुढ्यात सरकवला. "म्हटलं नव्हतं, उपचार असतो?" का दिली, कुणाच्या शब्दानं दिली, कुणी सांगितलं नाही. त्याच आठवड्यात डॉक्टर इग्लाल नैरोबीच्या परिषदेला निघाल्या होत्या. त्यांना कैरोच्या विमानतळावरून परत पाठवण्यात आलं. त्यांच्या प्रयोगशाळेची किल्ली दुसऱ्या प्राध्यापकांकडे गेली.

नशवा त्यांच्या घरी धावली. "माझ्यामुळे झालं हे? मी ओरडले म्हणून?"

"तू ओरडली नसतीस तर काय झालं असतं, ते तुला माहीत नाही, मलाही नाही," त्या म्हणाल्या. घरात असूनही त्या दबक्या आवाजात बोलत होत्या. "तू जा. जाळी घेऊन जा. तिथल्या जाळीची भोकं मोठी असतात, लहान गोगलगायी निसटतात."

विमानतळावर पासपोर्ट तपासणारा पानं उलटत राहिला. त्यानं कुणालातरी हाक मारली, दोघे पडद्याकडे वाकून काहीतरी वाचत राहिले. मग शिक्का पडला. विमान सुटेपर्यंत तिनं सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

सरोवराच्या काठी तिला न्यायला आलेली संशोधक, नकातो, मोठ्यानं बोलणारी, मोठ्यानं हसणारी बाई होती. पहिल्याच सकाळी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून दोघी चिखलात उतरल्या. नकातोनं विचारलं, "तुमच्या डॉक्टर इग्लाल कशा आहेत? त्यांना आम्ही केव्हापासून बोलावतोय."

नशवानं आधी मागे वळून पाहिलं. मागे नुसते लव्हाळे होते, पालथ्या घातलेल्या होड्या होत्या, आणि एक बाई कपडे धूत होती.

"बऱ्या आहेत," ती अगदी हळू म्हणाली.

"काय? ऐकू नाही आलं. मोठ्यानं बोल ना!"

नशवानं तोंड उघडलं, मिटलं, आणि जाळी पाण्यात सोडली.