खाटेशेजारची खुर्ची

आकारामने तोंडातली पेज उजव्या कोपऱ्यातून हळूच सोडून दिली. ती हनुवटीवरून गळ्याशी आली तसा त्याने डावा हात उचलला. पण हनुवटी न पुसता त्याने आधी पांघरुणाची कड चाचपली, ती ओढून तोंडावर घेतली आणि आतल्या आत पेज पुसली. समोर सुनेचं काम करणारी मुलगी आपलं वाक्य विसरून बघतच राहिली.

“कट!” म्हणत दिग्दर्शक रविराज खाटेपाशी आला. “काका, हे पांघरुणाचं कुठून सुचलं तुम्हाला? कागदावर तर काहीच नव्हतं.”

“सुचलं आसंच,” आकाराम म्हणाला आणि टॉवेल मागून गळा पुसू लागला.

वाईजवळच्या त्या बंगल्यात मालिकेचं शूटिंग सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. त्याआधीचा आकारामचा सगळा जन्म हवालदार, मुनीम आणि दारुडा मामा होण्यात गेला होता. जत्रेच्या नाटकात नायक ऐनवेळी आजारी पडला तर असावी म्हणून नायकाची अख्खी भूमिका त्याने पाठ करून ठेवली होती. तो लेकाचा इतक्या वर्षांत साधा शिंकला नाही. पुढे टीव्ही आला तेव्हा दोन दिवसांचा सरपंच, एका दिवसाचा वैद्य अशी कामं मिळू लागली. लोक तोंड ओळखायचे, नाव कुणाला ठाऊक नसायचं.

या मालिकेत तो करत असलेल्या अण्णांनाही लेखकांनी मध्येच अर्धांगवायू केला आणि सगळे संवाद काढून घेतले. आपला पत्ता कटला, असंच आकारामने धरलं होतं. झालं भलतंच. न बोलणाऱ्या अण्णांसाठी लोक मालिका बघू लागले, साताऱ्याच्या स्टँडवर बायका त्याच्या पाया पडू लागल्या आणि पेपरात फोटोखाली प्रथमच त्याचं नाव छापून आलं. ते त्याला मनापासून आवडलं होतं. कुणाला आवडणार नाही?

सुचलं आसंच, हे मात्र खरं नव्हतं. उंब्रजच्या घरी त्याची बायको साळूबाई अंगावरून वारं जाऊन उजवी बाजू लुळी पडल्यापासून खाटेला खिळून होती, बोलतही नव्हती. आधी तो दौऱ्यावरून आला की दारातूनच “जेवलीस का?” विचारायचा आणि चावडीकडे निघून जायचा. अण्णा आडवे पडले तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तो खुर्ची ओढून खाटेशेजारी बसू लागला. ती जेवायची आणि तो बघायचा. तिची बोटं कशी वळतात, पाणी कुठून ओघळतं, नको असलं की भुवई कशी चढते, सगळं तो डोळ्यांत साठवायचा आणि वाईला येऊन जसंच्या तसं करायचा. नटाने माणसं बघायचीच असतात, असं तो स्वतःला सांगत असे.

पेजेचा भाग टीव्हीवर दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो दुपारी घरी आला, तर साळूबाईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सून रेश्मा बाहेर धान्य निवडत बसली होती.

“दार का लावलंय गं?”

“आत्या जेवत्यात.”

“मग?”

रेश्माने सुपातून नजर काढली नाही. “कुणाम्होरं जेवत न्हाईत आता. मीबी ताट ठेवून भाईर येती.”

“आसं काय झालं?”

“काल शेजारच्या बयाबाई, हरणाबाई आल्या होत्या टीव्ही बघाय. तुमी पेज सांडून त्ये पांघरूण वडलं, तशा बयाबाई म्हनल्या, आगं बया, ही तर आपली साळू! लय हसल्या सगळ्या. वाईट मनानं न्हाई हसल्या, मामा. पर आत्यांनी जो पदर तोंडावर घेतला त्यो काय काढला न्हाई.”

आकाराम पायरीवर बसला.

“अजून एक सांगू का?” रेश्मा म्हणाली. “तुमी येनार म्हनलं की त्या माझ्याकडनं वेणी घालून घ्यायच्या. हिरवं लुगडं खुणंनं मागायच्या. खुर्चीकडं बोट करून हसायच्या. म्हाताऱ्याला आता कुठं आपली माया आली, आसं वाटायचं त्यास्नी.”

आकारामला लाज वाटली. इतका वेळ तिच्यासमोर बसून तिच्या केसांकडे आपलं लक्षच गेलं नव्हतं, वेणी होती की नव्हती हेसुद्धा आठवत नव्हतं. बोटांची प्रत्येक हालचाल मात्र पाठ होती.

तो उठला, अंगणात गेला आणि तिथूनच रविराजला फोन लावला. वाऱ्याने आवाज नीट पोचत नव्हता म्हणून मोठ्याने बोलत राहिला.

“रविराज, मला सोडवा ह्यातनं. अण्णा मेलं म्हणून दाखवा, न्हाईतर दुसरा नट बघा.”

“काका, काय बोलताय? सोमवारी अण्णा पहिल्यांदा बोलायचा प्रयत्न करतात. तोंडातून नुसता आवाज निघतो, बस. सगळी मालिका त्या सीनवर उभी आहे.”

“म्हनूनच. त्ये मला न्हाई जमायचं.”

“तुम्हाला जमायचं नाही? तुम्हाला?”

“आसलं मानूस बोलाय लागलं तर कसा आवाज काडतं, त्ये मी कवा बघितलंच न्हाई. खोटं करून दावाय मन हुईत न्हाई. सोडलं समजा काम.”

पलीकडून रविराज काहीबाही समजावत होता. आकारामने फोन बंद केला आणि वळला तेव्हा त्याला दिसलं, की साळूबाईच्या खोलीची खिडकी उघडीच आहे.

तो आत गेला. साळूबाईचं ताट बाजूला सारलेलं होतं आणि पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला होता. त्याला पुढे व्हायचा धीर झाला नाही. तो दाराशीच थांबला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “सोडलं मी त्ये काम. आता न्हाई तुला आसं बघत बसनार. तू निवांत जेव, मी चावडीवर जाऊन येतो.”

तो उंबरा ओलांडणार इतक्यात मागे डावा हात खुर्चीवर आपटल्याचा आवाज झाला. त्याने वळून पाहिलं. साळूबाईने पदर तोंडावरून खाली ओढला होता.

ती मुकी नव्हती. अंगावरून वारं गेल्यावर सुरुवातीला तिने एकदाच बोलून पाहिलं होतं आणि घशातून जे निघालं ते तिचं तिलाच ऐकवलं नव्हतं. त्यानंतर सुनेपुढे नाही, डॉक्टरपुढे नाही, तिने तोंड म्हणून उघडलं नव्हतं. आता तिने ते उघडलं. ओठ एका बाजूला गेले, मानेच्या शिरा ताणल्या आणि एक जाडा, ओला, फाटका आवाज बाहेर आला. बाहेर रेश्माच्या हातातलं सूप थांबलं.

“राहू दे, साळू,” आकाराम म्हणाला. “नको.”

साळूबाईने पुन्हा खुर्चीवर हात मारला. तो येऊन बसला. ती थोडी थांबली, श्वास गोळा केला, चेहरा पुरता त्याच्याकडे वळवला आणि त्याला नीट दिसावं म्हणून तोच आवाज पुन्हा एकदा सावकाश काढून दाखवला.