ओसरमहाराजांचं घंगाळ

पाणी चढत होतं. आधी पुतळ्याचे घोटे बुडाले, मग गुडघे, मग कंबर. धान्यबाजाराच्या लिलावाच्या हॉलमध्ये कोंबलेली माणसं माना उंचावून त्या पितळी घंगाळाकडे बघत होती. घंगाळाच्या मधोमध वीतभर उंचीचा पितळी पुतळा, आणि तांब्यातून त्यात तिसऱ्यांदा पाणी ओतणारे ओसरमहाराज. पुतळ्याच्या डोक्यावरून पाणी गेलं तेव्हा मागे कुणीतरी हुंदका दिला.

"थांब!" महाराज पाण्यावर खेकसले. "आलंस तसं परत जा!"

आणि पाणी उतरू लागलं. कुणी हात लावला नव्हता, घंगाळ कलंडलं नव्हतं. पण पुतळ्याचं डोकं वर आलं, छाती आली, गुडघे आले, आणि थोड्याच वेळात तळ उघडा पडला. हॉलभर टाळ्या झाल्या. बाहेर पावसानेही पत्र्यावर टाळ्याच वाजवल्या, पण त्या कुणासाठी होत्या हे सांगणं कठीण.

"इथलं उतरलं, म्हणजे नदीचंही उतरणार," महाराज म्हणाले. "फक्त दाराची कडी काढायची नाही. एकानेही उंबरा ओलांडला तर बंधन तुटलं. मग मी जबाबदार नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी जरा घाईने उरकलं. जबाबदार नसण्याची आगाऊ तरतूद करण्यात महाराज कुठल्याही विमा एजंटाला भारी होते.

भिंतीला पाठ लावून आठवीच्या वर्गासह उभ्या असलेल्या इतिहासाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांचे दोन्ही हात मुलांच्या खांद्यांवर होते. खरं तर त्या इथे धडा शिकवायला आल्या होत्या. 'आपल्या भागातील पूर व वादळे' या विषयाला पुस्तकात अर्धं पान दिलं होतं, त्यातही निम्म्या जागेत ढगाचं चित्र. म्हणून बाईंनी मुलांना या हॉलमध्ये आणलं. जुन्या लोकांनी प्रत्येक पुराची रेघ इथल्या भिंतीवर मारून ठेवली आहे, असं त्यांनी ऐकलं होतं. येऊन बघतात तर भिंत पांढरीफटक. व्यापारी मंडळी दर पावसाळ्याआधी हॉलला चुना देत. पुराचे डाग दिसले की गिऱ्हाईक बिचकतं. गावाने आपली आठवण अशी वर्षानुवर्षं टापटीप ठेवली होती.

मुलं भिंतीवर रेघा शोधत असतानाच आभाळ फाटलं. बाजार आत धावला, त्याच्यामागून महाराज आले, आणि दारं बंद झाली. पुढचं दार नदीच्या रस्त्यावर उघडायचं, तिकडे आता रस्ता नव्हताच. मागचं दार चढाच्या गल्लीत. ती चढून गेलं की शाळा. पण गल्लीच्या तोंडाशी खळगा होता. तो भरला की हॉल म्हणजे झाकण लावलेला डबा. त्या मागच्या दाराला स्टूल लावून महाराजांचा धिप्पाड शिष्य बसला होता.

बाईंनी खिडकीच्या गजांतून पुन्हा पाहिलं. मघाशी दिसत असलेला हापशाचा ओटा आता दिसत नव्हता.

"सर," त्या वर्गाबरोबर आलेल्या मुख्याध्यापकांना हळूच म्हणाल्या, "ओटा बुडाला. मुलांना आत्ताच वर न्यायला हवं."

"बाई, जरा दमानं घ्या." मुख्याध्यापकांचे डोळे घंगाळावरून हलले नाहीत. "या हॉलात पाणी कधी आलेलं नाही. भिंती बघा ना, एक तरी डाग आहे का?"

"चुना दिलाय, सर."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत काही ना काही दिसतंच."

पायाशी गार लागलं म्हणून बाईंनी खाली पाहिलं. दाराखालून आलेलं पाणी त्यांच्या चपलांपर्यंत पोचलं होतं. भक्तांनी त्यावर गोणपाट टाकलं आणि विषय संपवला.

तेवढ्यात कुणीतरी त्यांचा पदर ओढला. वर्गात सगळे जिला प्रश्नपेटी म्हणत, ती मुलगी.

"बाई, महाराज पाण्याला कमरेपाशीच का नाही अडवत?"

"काय?"

"तिन्ही वेळा त्यांनी आधी पुतळा बुडवला. बुडेपर्यंत थांबायचं कशाला?"

तिन्ही वेळा बाई दाराकडे बघत होत्या, घंगाळाकडे कुणी नीट बघितलं असेल तर या पोरीने. मग त्यांनी पटावरची नावं पुकारायचा आवाज काढला.

"महाराज, या मुलीची एक विनंती आहे. या खेपेला कमरेपर्यंतच भरा, आणि उतरवून दाखवा."

"शक्तीची परीक्षा घेऊ नये, बाळ."

"अहो, घेऊ द्या की!" टोपली सांभाळत उभ्या असलेल्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या. "डोक्यावरचं उतरवता, मग कमरेपर्यंतचं तर हलकं काम."

लोक हसले. ते हसणं चेष्टेचं नव्हतं, आणि तिथेच महाराज अडकले. त्यांनी कमरेपर्यंत पाणी ओतलं. "परत जा!" ते गरजले. पाणी तसंच. त्यांनी डोळे मिटले, हात थरथरवले, जुन्या मंत्राला दोन नवे शब्दही जोडले. पुतळा कमरेइतक्या पाण्यात निवांत उभा.

"इथे कुणीतरी मनात शंका आणतंय!"

"मी," प्रश्नपेटीने वर्गातल्यासारखा हात वर केला. मग सरळ पुढे जाऊन तांब्या उचलला आणि पुतळ्याच्या डोक्यावरून जाईपर्यंत पाणी ओतलं. मंत्र तिला येत नव्हता म्हणून तिने सातचा पाढा म्हटला. सात चोक होईपर्यंत पाणी उतरायला लागलं होतं.

बाईंनी घंगाळाखालच्या टेबलाचं लाल कापड बाजूने वर केलं. टेबलाच्या भोकातून पाण्याची धार खालच्या बादलीत पडत होती.

"पुतळ्याच्या पोटात वाकडी नळी आहे," त्या म्हणाल्या. "एक तोंड घंगाळाच्या तळाशी, वळण डोक्यापाशी, दुसरं तोंड टेबलाखाली. पाणी वळणाच्या वर गेलं की नळी भरते आणि सगळं पाणी ओढून खाली नेते. वळणाखाली असेल तर ब्रह्मदेव आला तरी हलणार नाही. हे घंगाळ रिकामं होतं, नाही असं नाही. पण कधी? पुतळा पुरता बुडाल्यावर. आता मला सांगा, या हॉलातले पुतळे कोण?"

कुणी हसलं नाही. गोणपाट तरंगायला लागलं होतं.

"पण भिंत..." मुख्याध्यापक पुटपुटले.

बाईंनी एका मुलाची स्टीलची पट्टी घेतली आणि लिलावाच्या चौथऱ्याच्या पायरीवर चढून चुना खरवडायला सुरुवात केली. पापुद्रे पडत गेले. आधी तांबडा ठिपका दिसला, मग रेघ, मग तिच्याशेजारी एक साल. मुख्याध्यापक रेघेखाली जाऊन उभे राहिले. त्यांनी टाचा उंचावल्या, तरी रेघ वरच राहिली.

त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. "कडी काढ," ते शिष्याला म्हणाले.

शिष्याने महाराजांकडे पाहिलं. महाराज घंगाळ बगलेत मारून आधीच दाराशी आले होते.

खळग्यात पाणी मोठ्यांच्या मांड्यांपर्यंत होतं. मुलं मधे, मोठी माणसं दोन्ही बाजूंना, हातात हात. मावशींनी टोपली सोडून दिली आणि बुटक्या मुलाला पाठीवर घेतलं. सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर घंगाळ पालथं घालून, महाराज चढ चढत होते. बंधन तुटण्याची काळजी त्यांना वाटत असल्याचं पाठीवरून तरी दिसलं नाही.

संध्याकाळी शाळेच्या खिडकीतून हॉलचं फक्त छप्पर दिसत होतं. मग वर्गाच्या कोपऱ्यात बसलेले महाराज खाकरले.

"बघितलंत? सगळ्यांना वेळेवर बाहेर काढलं ना मी?"

आणि पाचसहा जणांनी हात जोडले! बाईंना वाटलं, हॉलची कडी निघाली, ही कडी अजून तशीच आहे.

पाणी ओसरल्यावर त्या आठवीला घेऊन पुन्हा हॉलमध्ये गेल्या. नवी खूण जुन्या रेघेच्याही वर होती. प्रश्नपेटीने मुख्याध्यापकांनी धरलेल्या शिडीवर चढून तांबड्या रंगाने ती पक्की केली.

"मुलांनो," बाई म्हणाल्या, "पूर थांबवणारा कुणी भेटला तर पाया पडण्याआधी त्याला अर्धं घंगाळ भरायला सांगा. आणि पाणी कुठवर येतं हे त्याला विचारू नका. ज्याने आधी पाणी पाहिलंय त्याला विचारा, भिंतीला विचारा. आणि भिंत बोलेल अशी ठेवा. एवढाच धडा आहे, पुस्तकातल्या अर्ध्या पानात मावला असता."

दारात व्यापाऱ्यांचा माणूस चुन्याची बादली घेऊन उभा होता.

"सगळीकडे मारू ना, सर?"

मुख्याध्यापकांनी शिडी सोडली नाही. "मार," ते म्हणाले. "रेघा सोडून."