बारा नंबरची टाकी

साहेब, तुम्ही माणसाच्या श्वासात धूर सोडलात आणि फीत कापायला निघून गेलात.

धक्क्याच्या कार्यालयातले तुम्ही. नव्या तिकीट खिडकीचं उद्घाटन होतं, मोठे पाहुणे यायचे होते, भाषणाच्या मध्येच माइक बंद पडायला नको होता. म्हणून डिझेलचा जनरेटर आणवलात. तो तुमच्या दाराशी नको, पाहुण्यांच्या कानांना त्रास. मग तो ढकललात मागच्या बोळात, दुसऱ्याच्या भिंतीला. त्या भिंतीतून कमरेच्या उंचीवर एक पाइप बाहेर आलेला आहे. त्याखाली लाल रंगात लिहिलंय, 'इथून हवा आत जाते. धूर करू नका.' वीत-वीतभर अक्षरं आहेत, आंधळ्यालाही ठेच लागेल अशी. तुम्हाला नाही लागली. आणि हा पाइप मुळात छपराच्या वर होता, साहेब. धक्क्याच्या शोभेला बाधा येते म्हणून दोन वर्षांपूर्वी तुम्हीच तो खाली घ्यायला लावलात.

त्या पाइपाच्या आतल्या टोकाला हवाबाई काम करत होती.

हवाबाई हे काही तिचं नाव नव्हे. प्रवाळ बघायला समुद्रात खाली जाणाऱ्यांच्या टाक्यांमध्ये ती हवा भरायची, म्हणून सगळा धक्का तिला हवाबाई म्हणायचा. बोटीवरचे मामा म्हणायचे, "दुसऱ्यांची हवा माणसाला डोक्यावर चढवते, आमच्या हवाबाईची खाली घेऊन जाते." पूर्वी ती स्वतःच पाण्यात उतरायची. एकदा कान फुटला आणि तिचं पाण्यात उतरणं सुटलं. तिची जागा धाकट्या बहिणीनं घेतली. तिला सगळे मासोळी म्हणत. मासोळी पाहुण्यांना घेऊन खाली जायची आणि थोरली काठावर बसून तिचा श्वास भरून द्यायची. दोघींचा संसार म्हणा, धंदा म्हणा, असा एकाच नळीवर चालला होता.

त्या दिवशी सकाळी बारा टाक्या भरायच्या होत्या. पाच पाहुणे, सहावी मासोळी, आणि दोनदा उतरायचं. सात वाजता कॉम्प्रेसर सुरू झाला. एका वेळी दोन टाक्या, एका जोडीला वीस मिनिटं. पहिली टाकी भरली की तिचा नळ किंचित उघडायचा, हवा तळहातावर घ्यायची, हुंगायची, जिभेवर घ्यायची. चांगल्या हवेला वास नसतो आणि चव नसते. पहिली टाकी अशी चाखायची आणि शेवटची चाखायची, हा हवाबाईचा नियम. तो तिला कोणी शिकवला नव्हता, तिचा तिनंच केला होता.

पहिली चाखली. स्वच्छ होती.

आठच्या सुमाराला बाहेर घरघर सुरू झाली. आत कॉम्प्रेसर एवढा कोकलत असतो की बाहेर बॉम्ब पडला तरी कळायचं नाही. नऊला शेवटची जोडी उतरली तेव्हा हवाबाईचं कपाळ ठणकत होतं. पोटात काही नाही म्हणून असेल, असं तिनं धरलं. तिनं बारा नंबरच्या टाकीच्या नळाला हात घातला आणि तेवढ्यात मासोळी आत आली.

"दे गं ताई, मामांनी तिसऱ्यांदा भोंगा वाजवला."

"थांब, चाखते."

"रोज चाखतेस, कधी गोड लागली का?" असं म्हणून तिनं टाकी खांद्यावर मारली आणि गेलीसुद्धा.

हवाबाई हसली. तिथं ती हसायला नको होती. पण ज्या हाताला हजारदा चांगली हवा लागते, त्या हाताला भीती उरत नाही. चूक झाली ती अशी.

आता यात एक गोम आहे. नुकती भरलेली टाकी गरम असते. गार झाली की आतला दाब थोडा उतरतो. म्हणून आधी भरलेल्या, गार होऊन दाब तपासलेल्या टाक्या पाहुण्यांना द्यायच्या, आणि सगळ्यांत शेवटची, गरम, दाब अजून उतरायचा असलेली टाकी वाटाड्यानं घ्यायची. वाटाड्या कमी हवेत भागवतो. पाहुणे नवखे, घाबरून घटाघटा हवा पितात. त्या धक्क्यावरची ही जुनी रीत. पाहुण्याला भरलेलं, आपल्याला उरलेलं.

सव्वादहाला हवाबाई दुपारच्या टाक्या भरत होती. आता डोकं नुसतं ठणकत नव्हतं, तर भिंती हळूच पुढे-मागे होत होत्या. तिनं एका टाकीचा नळ उघडला, हवा नाकाशी धरली आणि पुन्हा एकदा हुंगली. डिझेल! अगदी पुसट, पण डिझेल.

ती बोळात धावली. जनरेटर डुलत होता. त्याचं धुराडं पाइपाच्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं.

"हा कधी लावला?" तिनं जनरेटरच्या राखणदाराला विचारलं.

"आठाच्या ठोक्याला, ताई. का?"

तिनं बोटांवर हिशेब केला. सात ते आठ, सहा टाक्या. त्या चांगल्या. पाहुण्यांनी आधी त्याच घेतल्या असणार. आठ ते नऊ, सहा टाक्या. त्यातल्या पाच दुसऱ्या खेपेसाठी बोटीवर पडून असतील. आणि सहावी, सगळ्यांत शेवटची, सगळ्यांत जास्त धूर प्यालेली, मासोळीच्या पाठीवर.

समुद्रात मोबाइल लागत नाही. वायरलेस एकच, तो धक्क्याच्या कार्यालयात. कार्यालयाच्या दाराला फुलं लावलेली, दारात कारकून उभा.

"आत्ता नाही हं बाई. कार्यक्रम चालू आहे."

"मला वायरलेस हवाय. खाली माणूस आहे."

"मग साहेबांना विचारावं लागेल. साहेब व्यासपीठावर आहेत."

"तुझी बहीण खाली असती तर विचारायला गेला असतास?"

कारकून 'अहो, पण' म्हणेपर्यंत ती त्याच्या काखेखालून आत शिरली होती. हार, पितळी ट्रे, गुच्छ, सगळं एका हातानं बाजूला सारून तिनं माइक उचलला.

"मामा! मामा, ऐकू येतंय का?"

खरखर. मग मामांचा आवाज, "बोला हवाबाई. आज आमची आठवण कशी काय?"

"मासोळी कुठाय?"

"खाली. जाऊन पंधरा मिनिटं झाली. पाहुणे बेस्ट आहेत, एक मास्तर तर अंगानं एवढा की बोट कलली."

"मामा, बारा नंबरच्या टाकीत धूर गेलाय. जनरेटरचा. तिच्या पाठीवर आहे ती."

पलीकडे मामांनी पाना उचलल्याचा खणखणाट झाला.

"वर बोलवू?" मामांचा आवाज बदलला होता. "शिडीवर पाना आपटतो."

आणि इथं हवाबाई पेचात पडली. कारण तिला ठाऊक होतं ते मामांना ठाऊक नव्हतं. हा धुराचा विषार खोल पाण्यात दबा धरून बसतो. खालच्या दाबात प्राणवायू अंगात ठासून भरतो, त्यामुळे माणसाला काही होत नाही. हसत-खेळत मासे दाखवतो. वर चढायला लागला, दाब उतरला, की विष फणा काढतं आणि माणूस पाण्यातच आडवा होतो. खाली ठेवावं तर प्रत्येक श्वासाला विष वाढतंय. वर बोलवावं तर वाटेतच शुद्ध जायची.

"मामा, शिडीखाली लटकती टाकी सोडलीय ना? पाच मीटरवर?"

"सोडलीय की. नेहमीसारखी."

"ती कालची आहे. ती चांगली आहे. पाटीवर लिहा, 'तुझी हवा खराब. ही घे.' पाटी त्या टाकीच्याच गळ्यात बांधा. आणि मग आपटा पाना. वर यायच्या आधी तिथं तीन मिनिटं थांबतातच सगळे. तिनं तिथवर शुद्धीत पोचलं पाहिजे."

"आणि नाही पोचली तर?"

"मामा, बांधा!"

मग माइक ठेवल्याचा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. हवाबाईनं तो काळा माइक दोन्ही हातांनी असा धरला होता, जणू तो सोडला तर बहीण बुडेल. खिडकीबाहेर कोणीतरी भाषणात म्हणत होतं, "सुरक्षितता हेच आमचं ब्रीद." टाळ्या पडल्या. जनरेटर इमानानं चालू होता.

दार उघडून तुम्ही आलात, साहेब.

"काय तमाशा आहे हा? बाहेर आवाज जातोय."

"तो जनरेटर बंद करा आधी. त्याचा धूर माझ्या टाक्यांत गेलाय. माझी बहीण ते पिते आहे."

तुम्ही घड्याळात पाहिलंत. "पाच मिनिटं. भाषण संपतच आलंय."

हवाबाईनं तुमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा माइककडे वळली. तुमच्याशी भांडायला तिच्याकडे श्वास शिल्लक नव्हता.

खरखर झाली. "एक डोकं वर आलं. दुसरं. बाई आहे, पाहुणी. तिसरं... चौथं."

"मासोळी?"

"मास्तरही नाही अजून. खाली बुडबुडे आहेत, शिडीपाशी. दोघांचे असावेत. का एकाचेच? पाणी हलतंय, नीट दिसत नाही गं."

"बघा ना मामा!"

"उतरतो मी."

पुन्हा काही नाही. कारकुनानं पाण्याचा पेला पुढे केला. तिनं नुसती मान हलवली. तिला आठवायचं नव्हतं, पण आठवत होतं, कसलीही चव नसलेल्या हवेबद्दल मासोळी किती हसायची. ती मनातल्या मनात श्वास मोजू लागली. बावन्नाव्या श्वासाला मामा बोलले. धापा टाकत होते.

"धरली. मास्तरनं धरली होती. टाकी बदलून घेतली तिनं, पाटी वाचली म्हणे, पण नळी तोंडातून निसटायला लागली. त्या बाबानं ती तिच्या तोंडात हातानं दाबून धरली तीन मिनिटं. पहिल्यांदा उतरलेला माणूस!"

"बोलते का?"

"डोळे उघडे आहेत. पण मला ओळखत नाही. प्राणवायू लावलाय. निघालो."

दुपारी दवाखान्यात मासोळी उशीला टेकून बसली होती, नाकातोंडावर मास्क. हवाबाईला तिनं ओळखलं. 'ताई' म्हणाली. मग विचारलं, "पाहुणे सगळे वर आले ना?"

"आले गं. पाचही आले."

दहा मिनिटांनी तिनं पुन्हा विचारलं, "ताई, पाहुणे सगळे वर आले ना?" मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा. दर वेळी तीच काळजी, तोच सूर, जणू आधी कधी विचारलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आठवड्यात जाईल, किंवा महिन्यात. किंवा थोडं राहील. आत्ताच काही सांगता येत नाही. पाण्याचं नाव मात्र काढायचं नाही.

आणि तेव्हा तुम्ही आलात, साहेब, हातात फळांची पिशवी आणि कागद घेऊन. कागद टाइप करूनच आणला होता. 'टाकी भरणाऱ्या व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे सदर प्रकार घडला.' खाली सहीसाठी रेघ.

"औपचारिकता आहे," तुम्ही म्हणालात. "सही केलीत की प्रकरण मिटलं. तुम्हालाही त्रास नको, आम्हालाही नको."

हवाबाईनं कागद दोनदा वाचला. मग पेन मागितलं. तुमचा चेहरा सैलावला. तिनं कागद मांडीवर घेतला आणि रेघेच्या वर, मोकळ्या जागेत, आपल्या हातानं लिहिलं, 'मी शेवटची टाकी चाखली नाही. ही माझी चूक आहे.' खाली सही केली, तारीख टाकली.

"ताई," पलंगावरून आवाज आला, "पाहुणे सगळे वर आले ना?"

"आले गं बाळा." आणि मग तिनं कागद आणि पेन दोन्ही तुमच्यापुढे धरलं.

"माझं मी लिहिलं. आता तुम्ही लिहा. पाइप खाली घ्यायला कोणी लावला, जनरेटर त्याच्या तोंडाशी कोणी ठेवायला सांगितला, आणि खाली माणूस आहे हे कळल्यावर 'पाच मिनिटं' कोण म्हणालं. मी इथंच बसलेय, साहेब. कोणाचं नाव लिहिताय?"