पहिल्या पिकाचं मीठ

रविवारी दुपारी एलियाह पेणकर जेवायला बसले होते. मटणाचे दोन घास पोटात गेले, तेवढ्यात त्यांची बायको दीना म्हणाली, "तुमच्या मोरूचं मीठ अगदीच कुचकामी हो! तासभर मटणाला चोळून ठेवलं, पण रक्त म्हणून सुटेना."

ज्यूंच्या घरात मटण आधी मिठात ठेवून, रक्त काढूनच शिजवतात, हे पेणमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. पेणकरांचा हात ताटातच थांबला.

"कुठलं मीठ?"

"काल तुम्ही प्रार्थनेला गेलात तेव्हा पुडी देऊन गेला. 'पहिलं पीक हाय, मालकाच्या घरी जाऊ दे' म्हणाला. शेवटी धुऊन काढलं आणि आपलं दुकानातलं लावलं."

पेणकर उठले, मागच्या दारी जाऊन घशात बोटं घातली आणि ते दोन घास बाहेर काढले. मग चप्पल न घालताच स्कूटर काढली. दीना "अहो, झालं काय?" करत दारापर्यंत आली, तिला एवढंच कळलं की ते मटण कुणी खायचं नाही.

आता यात मोरूला काय बोल लावणार? पेणकर रोह्याच्या एका कंपनीत केमिस्ट. टेपरेकॉर्डरवर लुकलुकणाऱ्या लाल दिव्यांसाठी लागणाऱ्या चकत्या ही कंपनी घासायची. घासून उरलेल्या पाण्यात दोन चिजा असत. एक गॅलियम, चांदीपेक्षा महाग. दुसरं आर्सेनिक, चांगल्या धडधाकट माणसाला आडवं करणारं. पेणकरांनी मोठ्या हौसेनं दोन टाक्या बांधून घेतल्या. पहिल्या टाकीत चुना घातला की आर्सेनिक तळाशी बसे. वरचं पाणी दुसऱ्या टाकीत घेऊन त्यात आम्ल घातलं की गॅलियम बसे. दोन्ही पांढरीशुभ्र. ती उन्हात वाळवायला धरमतरकडचा मोरू आणला, कारण बांध फुटून मिठागर बुडेपर्यंत त्याची हयात मीठ ओढण्यात गेली होती. पेणकरांनी त्याला हातमोजे दिले, इंग्रजीत पाट्या लावल्या आणि खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "अरे, मिठागरच समज."

मोरू तसंच समजला. मिठागरात पहिल्या पिकाची एक मूठ मालकाच्या घरी जाते, एक आपल्या. पहिलं पीक निघालं नेमकं शनिवारी, आणि शनिवारी पेणकर कामाला हात लावत नसत.

वडखळ मागे पडलं तरी पेणकरांच्या डोक्यात एकच प्रश्न होता: मूठ कुठल्या टाकीची? धरमतरला मोरू आपल्या अंगणात खाटेवर बसला होता. साहेबांना अनवाणी बघून तो तटकन उठला.

"मला दिलंस ते कुठल्या टाकीचं?"

"दुसऱ्या. का वो?"

पेणकर मटकन खाटेवर बसले. गॅलियम! दीनानं आठवड्याचा पगार मटणाला चोळून मोरीत सोडला होता, आणि पेणकरांना एवढा आनंद लग्नातही झाला नव्हता. तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन त्यांनी सहज विचारलं, "आणि स्वतःला?"

"पयल्या टाकीचं," मोरू म्हणाला. "किमती माल मालकाचा. पयल्या टाकीतलं तुमी टाकूनच देणार, मग म्हटलं आमाला तेच बरं."

ओटीवर मोरूची बायको धोंडुबाई चुलीवरचं खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण ढवळत होती. शेजारी नात ऋतुजा ताट घेऊन बसली होती. पेणकरांनी तीन ढांगांत ओटी गाठली आणि उकळत्या तोपाला लाथ घातली.

कालवण अंगणभर झालं. पेणकर एका पायावर नाचत ओरडले, "कुणी चाखलं काय? आधी ते सांगा!"

"चाखायला दिलंत कुठं?" धोंडुबाई म्हणाली. "मालक जेवल्याबिगर पयलं मीठ आमी तोंडाला लावत नाय. दीड वाजून गेला, तुमचं झालं असंल म्हणून आत्ता घातलं. कालपास्नं पोरगी निवटं मागत व्हती."

"अरे, तो सोमल आहे!"

सोमल म्हणजे विष, हे ऋतुजालाही माहीत होतं. तिनं ताट हळूच मागे सरकवलं. धोंडुबाईनं आधी कोंबड्या हाकलल्या, मग घरातलं मिठाचं मडकं दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि पेणकरांच्या पुढ्यात ठेवलं.

"मंग पाटीवर सोमल लिवायचं व्हतं, साहेब," मोरू म्हणाला. आवाज काही चढला नव्हता. पेणकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी सकाळी पेणकर भाजलेल्या पायाला फडकं बांधून लंगडत कंपनीत आले. पहिल्या टाकीवरची पाटी त्यांनी पुसली आणि स्वतःच्या हातानं वीतभर अक्षरात 'सोमल' लिहिलं. मग दुकानातल्या मिठाची पुडी मोरूच्या हातात दिली.

"तुझ्या घरची मूठ राहिली होती."

मोरूनं पुडी घेतली, पण डब्यात ठेवेना. तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळानं पेणकरांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी त्याच्या हातातली पुडी उघडली, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि गिळलं.

मोरू थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं पुडी बांधली आणि डब्यात ठेवली.